डावा कोपरा

दिवा जवळ ओढून ऐकावी अशी ही गोष्ट असली, तरी ती घडली भर दुपारी. रस्त्यावर ऊन होतं, दुकानं उघडी होती आणि ती घरातून निघाली होती बारीक स्क्रूची पुडी आणायला.

स्क्रू नवऱ्यासाठी. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. पुढच्या खोलीतच त्याचं बाक होतं, आणि मागच्या कपाटात पितळी वजनं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत उभी असायची. दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. सकाळी शर्टाची बटणं ती लावून द्यायची. मग बाकापाशी बसून चिमट्याने स्क्रू जागेवर बसवायची, तो नुसता बोटाने दाखवायचा. माणूस वाईट नव्हता. त्याने तिच्यावर कधी हात उगारला नाही, आणि तिच्यापुढे कधी केलाही नाही. अठरा वर्षांत त्यांचं एकदाही भांडण झालं नव्हतं. भांडायला निदान बोलावं तरी लागतं.

परतताना ती संस्थेत डोकावली. डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी तिथे पुस्तकं मोठ्याने वाचून त्यांच्या टेपा करत. आठवड्यातल्या तीन दुपारी ती तिथे वाचायची. त्या तीन दुपारी तिचा आवाज तिला स्वतःला ऐकू यायचा, एरवी आठवडाभर नाही.

टेप कापून जोडायचं काम करणाऱ्या काकांनी तिला निरोप पाठवून बोलावलं होतं. ते आपल्या टेबलापाशी हातात पातं धरून बसले होते.

"या, स्वल्पविराम," ते म्हणाले. ती प्रत्येक स्वल्पविरामाला श्वास घेते, म्हणून त्यांनीच पाडलेलं हे नाव. "ठोके देतेस ते ठीक. पण ठोका दिला की मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचायचं असतं. हे आता तुला शिकवायचं?"

तिथली रीत अशी होती. वाचताना चूक झाली की टेबलावर बोटाच्या पेराने एकदा ठोकायचं, क्षणभर थांबायचं आणि त्याच वाक्याच्या सुरुवातीला जाऊन ते नीट वाचायचं. मागाहून काका टेप ऐकत. ठोका आला की चुकलेलं वाक्य ठोक्यासकट कापून टाकत. पानांची सळसळ येऊ नये म्हणून टेबलावर जाड घोंगडी पसरलेली असे. ठोकण्यापुरता उजवा कोपरा तेवढा उघडा ठेवलेला.

ती म्हणाली, की त्या दिवशी तिने एकदाही ठोकलं नव्हतं. सतरावं प्रकरण एका दमात, न चुकता वाचून झालं होतं.

काकांनी मान हलवली. ते डोळे झाकून तिच्या ठोक्यांवर विसंबले होते आणि अकरा ठिकाणी कापत गेले होते. "जोडून ऐकतो, तर नायिका घर सोडून गेलेली. आणि अठराव्यात बघतो तर तिथेच बसून नवऱ्याचे पाय चेपतेय. म्हटलं, ही परत आली कधी, आणि आली ती मला न विचारता?"

ती हसली. काका नेहमीसारखे हसले नाहीत.

कादंबरी जुनी होती. तिचं वेष्टण केव्हाच गेलेलं. नायिकेचा नवरा पांगळा असतो. गावाबाहेरच्या वाटेवर एक माणूस तिच्यासाठी थांबलेला असतो. सतराव्या प्रकरणात ती बोचकं घेऊन निघते, उंबऱ्यापाशी थांबते, आणि कर्तव्य म्हणून मागे फिरते. पुढची सगळी प्रकरणं तिच्या झिजण्याची.

काकांनी कापलेले तुकडे भिंतीवरच्या खिळ्यांना लावून ठेवले होते. टेपेच्या तपकिरी फिती वाऱ्यावर हलत होत्या. एकेक उतरवून त्यांनी यंत्रावर लावली. प्रत्येक फितीतून तिचाच आवाज आला.

"तिचं पाऊल आपोआप मागे वळलं." टक्.

"तिला आता काहीच नको होतं." टक्.

"आपलं सुख ते केवढं, असं म्हणून तिने दार आतून लावून घेतलं." टक्.

ज्या ज्या वाक्यात नायिका थांबत होती, तेवढ्याच वाक्यांवर ठोका होता. दुसरीकडे कुठेही नाही.

"आणि आवाज नीट ऐक," काका हळूच म्हणाले. "तू उजव्या कोपऱ्यावर ठोकतेस. तिथलं लाकूड पोकळ वाजतं. हा डावा कोपरा आहे. घोंगडीखालून आल्यासारखा."

त्यांनी फीत परत खिळ्याला लावली. मग काका म्हणाले, पुन्हा वाचू. या वेळी मी काचेपलीकडे बसून ऐकत राहतो.

काकांच्या बाजूची काच सोडली, तर रेकॉर्डिंगच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना जाड कापड ठोकलेलं. दार लावलं की बाहेरची दुपार पुसून जाई आणि टेबलावरच्या दिव्याएवढंच जग उरे. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखाही बंद. सरस, उबलेलं कापड आणि तापलेल्या बल्बवरची धूळ, यांचा वास तिच्या सवयीचा होता. त्या दिवशी त्यात आणखी एक वास होता. बरेच दिवस बॅगेत बंद राहिलेल्या कपड्यांचा. डांबराच्या गोळ्यांचा.

तिने वाचायला सुरुवात केली. नायिकेने बोचकं बांधलं. नायिका उंबऱ्यापर्यंत आली. तिने दोन्ही हात पुस्तकाखाली ठेवले होते. काचेपलीकडे काकांचे डोळे त्या हातांवर होते.

"आपलं सुख ते केवढं, असं म्हणून तिने दार आतून लावून घेतलं."

टक्.

या वेळी तिलाही ऐकू आलं. डावीकडे, तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. घोंगडीवर काहीच नव्हतं. तिने नियमाप्रमाणे श्वास घेतला, वाक्याच्या सुरुवातीला गेली आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं.

टक्.

तिसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की काकांनी कानावरचं यंत्र दाबून धरलं. ठोकाही तितकाच हळू आला. समजावल्यासारखा. वाचायला शिकणाऱ्या लेकराला कुणीतरी पुन्हा पुन्हा, न रागावता, चूक दाखवावी तसा.

काकांनी कानांवरचं यंत्र काढून ठेवलं.

बाहेर आल्यावर त्यांनी तिला पाणी दिलं. हे पुस्तक आधी एका बाईंनी वाचायला घेतलं होतं, एवढं तिला ठाऊक होतं. त्या सोळाव्या प्रकरणापर्यंत पोहोचल्या होत्या.

"डावखुऱ्या होत्या," काका म्हणाले. "त्यांच्यासाठी तेव्हा डावा कोपरा उघडा ठेवायचो."

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. दूरच्या गावातल्या शाखेत कायमची जागा निघाली होती. राहायला एक खोली. त्या बाईंनी बॅगही भरली होती, पण घरी ठेवायची सोय नाही म्हणून तीन महिने ती इथेच, या टेबलाखाली होती. सतराव्या प्रकरणाच्या दिवशी त्या आत गेल्या, प्रकरण नुसतं मनातल्या मनात वाचलं, आणि न बोलता बाहेर आल्या. म्हणाल्या, काका, माझं नाव काढून टाका. बॅग उचलून घरी गेल्या.

"मग?"

"मग काय. चार वर्षं घरात होत्या. मग नव्हत्या." काका पातं पुसत राहिले. "भेटायला गेलो होतो. नवरा म्हणाला, काही आजार नव्हता. मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही."

तिने पर्स छातीशी धरली. पर्समध्ये स्क्रूची पुडी होती, आणि त्याच दूरच्या शाखेचं पत्र होतं. ती जागा पुन्हा रिकामी झाली होती. खोली तीच. उत्तर शनिवारपर्यंत हवं होतं. तीन आठवडे ते पत्र तिने कुणालाही दाखवलं नव्हतं, काकांनासुद्धा नाही.

त्या आठवड्यात तिने कादंबरी संपवली. छापलंय तेच वाचायचं, हा संस्थेचा नियम होता. ठोके येत राहिले, ती न थांबता वाचत राहिली, आणि काका ते ठोके तेवढे कापत राहिले. शेवटच्या पानावर नायिका एका संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पडते आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी जाते. ते वाक्य वाचून ती थांबली. डावीकडे कान देऊन बसली.

त्या वाक्यावर ठोका आला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. तो बाकापाशी बसून एका काट्याचं पारडं पुसत होता. बोलायचं कसं, हे तिने रस्ताभर घोकलं होतं, पण तोंडातून निघालं ते साधंच. मला दुसऱ्या गावी नोकरी मिळते आहे. मी जाते. आणखी एक वाक्य तिला बोलायचं होतं, तुम्ही काही केलं नाहीत म्हणून. ते तिने गिळलं.

त्याने पारडं खाली ठेवलं. थरथरणारा हात दुसऱ्या हाताखाली घेतला.

"एकटीच?" त्याने विचारलं.

अठरा वर्षांत त्याने तिच्याबद्दल विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा.

"हो," ती म्हणाली. "एकटीच."

मागच्या कपाटात काहीतरी वाजलं. एखादं वजन कलंडून लाकडावर आपटावं तसं. नवऱ्याने चमकून तिकडे पाहिलं, कारण त्याची वजनं कधी कलंडत नसत. उठून त्याने कपाट उघडलं. सगळी वजनं ओळीत उभी होती. तो तसाच कपाटासमोर, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"बरं," म्हणाला.

निघायच्या सकाळी ती सवयीने त्याची बटणं लावायला गेली. त्याने डोक्यातून घालायचा बिनबटणांचा सदरा घातला होता. कोरा होता, दुकानातल्या घड्या तशाच होत्या. कधी आणला होता, तिला कळलं नव्हतं. तिचे हात तसेच पुढे आलेले राहिले. मग तिने खांद्यावरची एक घडी सारखी केली आणि बॅग उचलली. बॅग तिला वाटली होती त्यापेक्षा जड लागली.

नवं गाव शांत होतं. खोली वरच्या मजल्यावर, एक खाट, एक कपाट, एक टेबल, मोठी खिडकी. खाली एक शाळा होती आणि दुपारी मुलांच्या पाढ्यांचा आवाज वर यायचा. शाखेतली माणसं भली होती. पहिला महिनाभर ती स्वतःसाठी चहा करताना पातेल्यात दोन कप पाणी ओतायची आणि मग एक कप परत काढायची. पुढे ती सवय सुटली. एका सकाळी आपण गुणगुणतो आहोत हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा ती दचकून गप्प झाली, आणि मग पुन्हा गुणगुणायला लागली. रडूही यायचं, पण ते तिचं तिचं होतं. रात्री उशीवर डोकं टेकलं की मात्र डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा. आधीच्या माणसांचं कपाट, असं म्हणून ती कूस बदलायची.

एका सुट्टीच्या दुपारी ती नवऱ्याला पत्र लिहायला बसली. लिहिलेलं मोठ्याने वाचायची तिला सवयच लागली होती. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. शाळा बंद होती, म्हणून खाली काहीच आवाज नव्हता.

"माझी तब्येत बरी आहे." तिने वाचलं, आणि नकळत थांबली.

काही नाही.

"काम आवडतं. तुमच्या हाताची काळजी वाटते, पण इथे आल्याचा पश्चात्ताप होत नाही."

हे वाक्य वाचून ती बराच वेळ तशीच बसली. तिला कुणाला तरी हे विचारायचं होतं आणि विचारायला कुणी नव्हतं. उन्हाचा चौकोन कागदावरून बोटभर सरकला. सगळं शांत. तिचे डोळे भरून आले. खरं होतं तर ते. हलक्या हाताने तिने पुढे लिहिलं, त्याने विचारलं होतं म्हणून, त्याचा जीव निवांत व्हावा म्हणून. आणि वाचलं.

"खोली लहान आहे. मी इथे एकटीच राहते."

टक्.

डावीकडे. टेबलाच्या कोपऱ्यावर, जिथे ऊन पोहोचत नव्हतं.

ती हलली नाही. मान वळवली नाही. बोटं पेनावर गच्च झाली होती, पण इतक्या वर्षांची रीत त्या बोटांना पाठ होती. तिने श्वास घेतला आणि वाक्याच्या सुरुवातीला गेली.

"मी इथे एकटीच..."

टक्.

खूप वेळाने तिने ते वाक्य खोडलं. शेजारी दुसरं लिहिलं.

"खोली लहान आहे," तिने वाचलं. आवाज जेमतेम ओठांबाहेर आला. "आम्ही इथे दोघी राहतो."

आणि डावीकडे कान देऊन बसली.

ठोका आला नाही.