मागचा डावा स्पीकर

गाडीतला कंपनीचा अँप्लिफायर काढून बाहेरचा बसवायचा, हे काम तसं अर्ध्या दिवसाचं. सीट उचलायची, खालचा जुना डबा सोडवायचा, बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड वायर ओढायची आणि डिकीतल्या पत्र्याचा रंग खरवडून अर्थिंग घट्ट कसायचं. अर्थिंग ढिलं राहिलं की आवाजात शिट्टी येते, आणि अ‍ॅक्सिलेटर दाबाल तशी ती चढत जाते. आमच्या धंद्यातली निम्मी भुतं ही अशी अर्थिंगची असतात. यवतमाळात वीस वर्षं मी हेच करत आलो, आणि दोन हजार सातच्या जानेवारीपर्यंत दुसरं भूत मला ठाऊक नव्हतं.

त्या जानेवारीत मोहरील साहेब गाडी घेऊन दुकानात आले. चारुदत्त मोहरील, कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर. चिमूटभर कापूस ओढून बघायचा आणि गाडीभर मालाचा दर्जा एका शब्दात सांगायचा, ही त्यांची नोकरी. ती कापसाची वाईट वर्षं होती, त्यामुळे तो शब्द ऐकून कोणी हसत घरी जात नसे. माणूस मात्र सरळ, रोज इस्त्रीच्या शर्टातला. माझं गिऱ्हाईक म्हणजे काळीपिवळी जीपचे ड्रायव्हर. त्यांना छाती हादरवणारा ठोका लागतो. साहेबांनी दुकानातला सगळ्यात मोठा अँप्लिफायर मागितला तेव्हा मला गंमतच वाटली.

“येवढा मोठा कायले, साहेब? कव्वाल्या आयकून राह्यले काय आजकाल?”

“मी गाणी ऐकत नाही, गोपाल. मागच्या डाव्या स्पीकरमधून कोणी बोलल्यासारखं येतं. शब्द समजत नाहीत, फार बारीक येतं.”

“अर्थिंग ढिली असन. दहा मिनटात काढून देतो तो आवाज.”

“काढायचा नाही. मोठा करायचा आहे.”

तेव्हा कुठे मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. शर्ट चुरगळलेला होता आणि डोळे कित्येक रात्री न झोपलेल्या माणसाचे होते. नोव्हेंबरात त्यांची एकुलती एक मुलगी गेली हे सगळ्या गावाला माहीत होतं. कशी गेली ते त्यांनी मला काउंटरपाशी उभ्या उभ्या सांगितलं.

शाल्मली एकोणीस वर्षांची. डेंग्यू झाला, रक्तातल्या पेशी उतरत गेल्या, डॉक्टर म्हणाले नागपूरला हलवा. साहेबांच्या पत्नी, सुचित्राबाई, दवाखान्यात जागा बघायला आदल्या दिवशीच पुढे गेल्या होत्या. साहेब पोरीला मागच्या सीटवर निजवून निघाले. कळंबच्या पुढे कापसाच्या भावासाठी रास्ता रोको चालू होता, बैलगाड्या आडव्या लावलेल्या. त्यातले निम्मे शेतकरी साहेबांच्या केंद्रावर माल आणणारे.

“मी काचा वर केल्या,” साहेब म्हणाले. “पोरीला घोषणांची भीती वाटेल म्हणून गाणी मोठ्याने लावली. खरं म्हणजे भीती मलाच वाटत होती. खाली उतरून नुसतं सांगितलं असतं की मागे पोरगी आजारी आहे, तर त्यांनीच गाड्या बाजूला केल्या असत्या. आपल्याकडे आजारी माणसाला कोणी अडवत नाही. पण मी उतरलो नाही.”

“मंग?”

“ती मागून काहीतरी बोलली. त्या गाण्यात ऐकू आलं नाही. मी म्हटलं, एक मिनिट, बेटा... रस्ता मोकळा झाला तेव्हा मागे वळून पाहिलं.”

ती गेलेली होती. काउंटरवरचा एक स्क्रू बोटाने फिरवत साहेब म्हणाले, “सुचित्रा रोज विचारते, शेवटी काय बोलली. मी सांगून टाकलं, ‘आई’ म्हणाली. धादांत खोटं. मला तिचं ते एक वाक्य पाहिजे, गोपाल. त्याच्याशिवाय मला जगता येत नाही.”

मी मनात म्हटलं, काम चोख करू. शिट्टी गेली की साहेबांचा भ्रमही जाईल. दुपारपर्यंत अँप्लिफायर बसवला. दुकानासमोर गाडी चालू करून आवाज पार शेवटापर्यंत चढवला, तर साधी खरखरसुद्धा नाही. असं स्वच्छ काम झालं की मी दोन दिवस मिशीवर ताव देत फिरतो. पण साहेबांचा चेहरा उतरला.

“इथे नाही येत. तिथेच येतं. चल माझ्यासोबत.”

मला नाही म्हणवलं नाही. पोरगी मलाही आहे.

तीनचा सुमार असेल. कळंबमधून जाताना साहेबांनी सवयीने चिंतामणी गणपतीला हात जोडले आणि गाडी तशीच पुढे काढली. रस्त्याकडेच्या बाभळींना ट्रकमधून उडालेला कापूस अडकला होता. वेचण्या संपल्या होत्या, शेतांत कमरेएवढ्या पऱ्हाट्या, कापसाची रिकामी झाडं, नुसत्या वाळत उभ्या होत्या. माणूस नाही, गुरं नाहीत. रास्ता रोको झाला होता त्या वळणापाशी साहेबांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं, आणि बंद गाडीत एक वास जाणवायला लागला. तापाने फणफणलेल्या माणसाच्या पांघरुणाला येतो, तसा.

मी मागे जाऊन डिकी उघडली. साहेबांची खात्री पटावी म्हणून अँप्लिफायरला आवाज पुरवणाऱ्या दोन्ही पिना उपटून त्यांना दाखवल्या.

“आता याच्यात कुठूनच काही येत नाही, साहेब. तरी आवाज आला तर मिशी काढून देतो.”

मग त्यांच्या शेजारी येऊन बसलो. साहेबांनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

आधी श्वास आला. तोंड उघडं टाकून, ओढून घेतलेला. मागच्या डाव्या बाजूने.

“बाबा...”

साहेबांनी दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरलं.

“बाबा... आवाज कमी करा ना...”

एवढंच. अडीच महिने हा माणूस ज्या वाक्यासाठी तडफडला ते हे होतं, आणि त्यासाठी मी दुकानातला सगळ्यात मोठा अँप्लिफायर लावून दिला होता. साहेबांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला परत कधी ऐकायचा नाही. “हो बेटा, केला, केला,” म्हणत त्यांनी बटण शून्यावर आणलं, मग स्टिरिओच बंद केला. मी धावत पुढे गेलो, बॉनेट उघडून बॅटरीजवळचा अँप्लिफायरचा फ्यूज काढला आणि तो मुठीत घेऊन परत येऊन बसलो.

“कोणीतरी हाक मारून राहिलं मला...” मागून आलं, अगदी हळू. “नीट ऐकू येत नाही...”

मग सगळं शांत झालं. साहेबांनी काच खाली केली, कान बाहेर लावला, आणि शेतातून हाक आली.

“शाल्मली...”

बाईचा आवाज होता. भेसूर असता तर बरं वाटलं असतं. पण तो घरातल्यासारखा होता, ताट वाढून जेवायला बोलावल्यासारखा. पऱ्हाट्यांत कोणी उभं नव्हतं.

आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही शिकवतात: माणूस दिसत नसेल तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ देऊ नये. भुतं दोनदाच बोलावतात, आणि ओ दिली की सोबत घेऊन जातात. तिसरी हाक माणसाची. साहेब शिकलेसवरलेले असले तरी याच मातीतले.

“ओ देऊ नोका, साहेब...” मी त्यांचं मनगट धरलं.

“त्या दिवशी तिनं दिली असेल का, गोपाल?”

मी त्यांचं मनगट आणखी घट्ट धरलं.

“गाणी बंद केली असती तर... मलाही हाक ऐकू आली असती. मी तिला म्हटलं असतं, देऊ नको...”

दुसरी हाक रस्त्याच्या कडेवरून आली. आम्ही बसलो होतो तिथून दहा पावलांवरून.

“शाल्मली... ये...”

साहेबांनी माझा हात सोडवला. दार उघडलं आणि एक पाय रस्त्यावर टाकला.

“ओ,” ते म्हणाले. “तिला सोडा. तिच्याऐवजी मी येतो.”

केंद्रावर दर्जा सांगावा तितक्या सरळ आवाजात म्हणाले. आणि माझ्या पाठीमागून, या वेळी स्पीकरमधून नाही, सीटवरून, पोरीचं रडू आलं.

“बाबा... तुम्ही कशाला ओ दिली?”

मी मागे वळलो नाही. साहेबांच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्यांचा एक पाय तसाच खाली होता आणि मान सीटवर कलली होती. त्यांना बाजूच्या सीटवर कसं ओढलं ते मला आठवत नाही. गाडी वळवून कळंबच्या दवाखान्याकडे पळवली. सगळ्या वाटेभर मागच्या सीटवर दोघं हलक्या आवाजात बोलत होती. एक आवाज मला ओळखता येत होता; तो माणूस माझ्या शेजारी मान टाकून बसलेला होता. शब्द एकही कळला नाही. एकदा ती हसली, आणि मला स्टीअरिंगवरच रडू कोसळलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सुचित्राबाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो ठरलेलाच होता, शेवटी काय बोलले. मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, “ओ म्हणाले.” “कोणाला?” त्यांनी विचारलं. मी उठून बाहेर निघून आलो. पुढे त्यांनी गाडी विकून टाकली. कोणाला विकली ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून कोणाच्याही पहिल्या हाकेला मी ओ देत नाही. बायको चिडते, गिऱ्हाईक परत जातं, जाऊ दे. मघाशी तुम्ही शटरबाहेरून “गोपालभाऊ” म्हणून हाका मारत होतात तेव्हा मी आतच होतो, मुद्दाम गप्प बसलो आणि तिसऱ्या हाकेला ओ देऊन उठलो. ताटकळत ठेवलं म्हणून माफी मागायला तोंड उघडलं, तर तुम्हीच म्हणालात की आत्ता येऊन उभा राहिलो, आणि एकदाच हाक मारली.