शुद्धलेखनापुरतं

लिफ्ट बंद होती म्हणून तो जिन्यानं आला, एक मजला जास्त चढला आणि परत उतरला. माझ्या दारात उभा राहून धापा टाकत म्हणाला, "प्रूफं तपासणारे आजोबा इथेच बसतात ना? माझ्या लेखांत सारखी ढवळाढवळ करतात... जरा भेटायचं होतं."

"बोला," मी म्हणाले. "आजोबा मीच."

त्याचे कान लाल झाले. मी लाल पेनाला टोपण लावलं आणि हसू दाबलं.

आमच्या वर्तमानपत्रात तो दर रविवारी सदर लिहायचा. एका आठवड्यात निवडणूक, पुढच्या आठवड्यात एखादी जुनी लढाई, मग पुस्तक, मग गाजणारा सिनेमा. ऑफिसात सगळे त्याला 'सर्वज्ञ' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. मी तोंडावर म्हणायला लागले. त्यानं माझं नाव 'वेलांटी' ठेवलं.

त्या दिवसापासून दर बुधवारी लेख घेऊन तो स्वतःच यायचा. ईमेलनं पाठवता आला असता, पण ते आम्ही दोघंही बोललो नाही.

"या सिनेमात तू रडलीस? खरंच?"

"शेवटी नायिका निघून जाते तेव्हा."

"ती जातेय हे पोस्टरवरच कळत होतं."

"म्हणून काय रडायचं नाही?"

तो नुसता बघत राहिला आणि मग उगाचच माझ्या टेबलावरचे कागद सारखे करायला लागला... तेव्हाच मला कळलं होतं. त्यालाही कळलं असणार.

पुढे ऑफिस सुटल्यावर नदीवरच्या पुलावरून आम्ही चालत जायला लागलो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, आठवत नाही. अशाच एका संध्याकाळी मी त्याला घरचं सांगितलं. दादा भांडून घर सोडून गेला त्याला आठ वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही. बाबा रोज संध्याकाळी सहाला बूट घालतात, प्रार्थनेला जातात, शेवटच्या बाकावर बसून दादासाठी काहीतरी मागतात आणि परत येतात.

"आठ वर्षं... रोज?" त्यानं विचारलं.

"रोज."

तीन आठवड्यांनी तो लेख घेऊन आला. विषय होता श्रद्धा. नाव नव्हतं, गाव नव्हतं, पण शेवटच्या बाकावर बाबा बसले होते. लिहिलं होतं, 'ज्याला आपण श्रद्धा म्हणतो, ती कित्येकदा न स्वीकारलेली बातमी असते.' वाक्य चांगलं होतं. तेच जास्त लागलं.

तो टेबलापाशी उभाच होता. "खटकलं तर सांग. आत्ता काढतो."

मला वाटलं, हे मी सांगायचं? त्याला आपणहून कळू नये?

"दोन ठिकाणी वेलांटी चुकली आहे," मी म्हणाले. "बाकी ठीक."

रविवारी बाबांनी भिंग घेऊन सगळा लेख वाचला. पेपरची घडी घातली. "हे तुझ्या हाताखालून गेलं ना?"

"हो, बाबा."

"शुद्धलेखन चांगलं आहे," ते म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी बूट घातले नाहीत.

मी त्याच्याशी बोलणं तोडलं. बुधवारी तो यायचा, मी मान खाली घालून काम करायचे. शेवटी त्यानं जिन्यात गाठलं.

"झालंय काय?"

"तुला कळायला हवं होतं."

"मी विचारलं होतं गं. तू नाही म्हणाली असतीस तर फाडला असता मी. बाबांना भेटून माफी मागू?"

"घरी यायचं नाही," मी म्हणाले.

दोन महिन्यांनी दुसऱ्या शहरातल्या पेपरात त्याला नोकरी लागली. जायच्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे... हे नीट लिहिता आलं नाही, म्हणून सांगतोय." मी म्हणाले, "पोचल्यावर कळव." त्यानं कळवलं. मी उत्तर दिलं नाही.

बाबा आठवडाभरानंतर पुन्हा प्रार्थनेला जायला लागले होते. वर्ष उलटल्यावर एकदा भाजी निवडताना मला म्हणाले, "तो लेख लिहिणारा... तुझा मित्रच ना? घरी आणायचं होतंस. मला त्याच्याशी भांडायचं होतं. त्याआधी आठ वर्षांत त्या बाकाबद्दल कुणी मला एक शब्द विचारला नव्हता. त्यानं निदान विचार तरी केला."

मी उठून गॅलरीत गेले आणि त्याला फोन लावला. सगळं सांगितलं. लेख वाचताना काय वाटलं, गप्प का राहिले, बाबा काय म्हणाले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं."

"कोण आहे?"

"शाळेत शिकवते. मनात आलं की बोलून टाकते."

मी अभिनंदन केलं. आवाज व्यवस्थित निघाला. आत आले तर बाबा विचारत होते, "येईल का तो?"

"नाही, बाबा." मी त्यांच्यासमोर बसले. "मला तो फार आवडत होता."

बाबांनी हातातली भाजी खाली ठेवली. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते.