आत राहण्याचं कारण

टिक!

तिनं कार्ड टेकवलंही नव्हतं आणि दार उघडलं. घाई होतीच, ती सुटली आत.

"अहो चष्मेवाल्या! माझ्या पैशानं गेलात की!"

ती वळली. मेट्रोच्या फाटकाबाहेर एक उंच तरुण अडकलेला, डाव्या हातात कार्ड. डावखुरा! कार्ड टेकवायची खूण उजवीकडे असते. यानं सवयीनं डावीकडे टेकवलं होतं, म्हणजे शेजारच्या, तिच्या दारावर.

"पुन्हा टेकवा ना."

त्यानं टेकवलं. लाल अक्षरं उमटली –

या कार्डाचा प्रवासी आत आहे.

"बघा. मशीनच्या मते मी आतच आहे… तुमच्याजवळ उभा."

तिचे कान तापले. तिनं आपलं कार्ड फाटकावरून पुढे केलं. "हे टेकवा. आणि या लवकर, गाडी येतेय!"

तो आला. कार्ड परत दिलं. बोटाला बोट लागलं – जरासं.

झालं. हिशोब मिटला. आता बोलायला निमित्तच उरलं नाही… तरी दोघं एकाच डब्यात चढले.

"काय करता?" तिनंच विचारलं.

"नाटकांचे कपडे बेततो. डाव्या हाताची कात्री, कुणी उसनी मागत नाही. तुम्ही?"

"ताईच्या दुकानात भिंगं बसवते. लोकांना नीट दिसायला लागतं."

"मला मघापासून एकच माणूस दिसतोय."

"नंबर वाढलाय तुमचा."

तो इतका मोठ्यानं हसला की समोरच्या आजोबांनी पेपर खाली केला.

तिचं स्टेशन आलं. दारं उघडली. उतरलं की संपलं – एवढ्या मोठ्या शहरात हा परत कुठे सापडायचा? ना नाव, ना गाव. ती उठली नाही. दारं मिटली.

"तुमचं स्टेशन कुठलं?" त्यानं विचारलं.

"गेलं."

"माझंही. तुमच्या आधीचं."

फोन वाजला. ताई! "कुठे आहेस? गिऱ्हाईक डोळे चोळत बसलंय!"

"गाडीत."

"अजून? गाडी ढकलत आणतेयस का?"

शेवटचं स्टेशन आलं. गाडी उलटी फिरली आणि हे दोघंही तिच्याबरोबर फिरले. एकदा… पुन्हा एकदा… 'अहो'चं 'अगं' नेमकं कुठे झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

शेवटी तिच्या स्टेशनवर उतरले. टिक. टिक.

आत राहण्याची मुदत संपली. खिडकीवर या.

काचेपलीकडच्या बाईंनी दोन्ही कार्डं तपासली. मागे रांग वाढत होती.

"एवढ्याशा वाटेला अख्खी सकाळ? आत करत काय होतात? कारण टाकल्याशिवाय मशीन सोडत नाही. झोप लागली, तब्येत बिघडली की वाट चुकली?"

"झोप…" तो पुटपुटला.

दार उघडेल, तो त्याच्या वाटेनं जाईल. आत्ता नाही तर कधीच नाही.

"झोप नाही," ती म्हणाली, जरा जास्तच मोठ्यानं. "हा मला आवडलाय. उतरावंसंच वाटेना."

मागून कुणीतरी शीळ घातली. तो लालेलाल झाला, मग तिच्याकडे बघत काचेशी वाकला.

"मावशी, माझंही तेच टाका."

बाईंनी दोघांना आपादमस्तक न्याहाळलं. ओठ दाबून हसू गिळलं.

"तसं कारण नाही हो यात," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं. "तब्येत बिघडली टाकते. दोघांचीही."