विळ्यानं कापलेली बाही

सत्तावन्न सालचा हिवाळा. नागरा गावात शामकलाच्या शेजारी उतरलेला केवळराम कुंपणावर वाळत घातलेला सदरा घ्यायला गेला, तेव्हा त्याची एक बाही शामकलाच्या कपिली गाईच्या तोंडात होती. दुसरी धरून शामकला ओढत होती... आणि कपिली काही सोडत नव्हती.

नागपूरच्या शेतकी कॉलेजातला हा मुलगा आता चिडणार, असं तिला वाटलं. तो मात्र उकिडवा बसून गाईचं तोंड कौतुकानं न्याहाळू लागला.

"सदरा गेला अन् तुमी हासून काऊन राहिले?" तिनं विचारलं.

"अशीच गाय मी शोधून राहिलो होतो," तो म्हणाला.

तो तिरोड्याकडचा, त्यांच्याच पोवार समाजातला. गावातल्या जनावरांचं खाणं आणि वागणं अभ्यासायला आलेला. महाशिवरात्रीची जत्रा झाली की परत जाणार होता. त्यानं समजावून सांगितलं, की नुसतं धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, खाऊन गाईच्या अंगात फॉस्फरस कमी पडतो, मग ती चिंध्या, हाडं, माती, मिळेल ते चघळत बसते. त्यात ही गाभण, वासरू अशक्त निघायचं. शामकलानं लगेच उपाय विचारला. कपिलीला तिनंच लहानपणापासून वाढवलं होतं.

त्यानं हाडांची भुकटी सुचवली, तेव्हा तिचे वडील भैयाजी त्याच्या अंगावर धावूनच आले. गाईच्या तोंडात हाडं? बिचारा मागे सरकला आणि म्हणाला, मग गिरणीतून तांदळाचा कोंडा आणा, मीठ घालून द्या. त्यावर कुणाची हरकत नव्हती.

रोज सकाळी शामकला कोंड्याचं घमेलं धरायची आणि केवळराम गाईचं निरीक्षण करायचा. म्हणजे सुरुवात गाईपासून व्हायची... मग नजर हळूच घमेल्यावर, मग बांगड्यांवर. भैयाजींना वाटे, पोरगा फार अभ्यासू आहे.

कपिली सुधारली आणि इथंच पंचाईत झाली. कपड्यांकडे ती ढुंकूनही बघेना, मग केवळरामला यायला निमित्त उरेना. जत्रा तोंडावर आली. त्याची ट्रंक भरली गेली. त्यानं जाऊ नये एवढंच तिला हवं होतं, आणि नेमकं तेच बोलायला जीभ रेटत नव्हती.

शेवटी तिनं कुंपणावरचा त्याचा दुसरा सदरा ओढला, विळ्यानं बाही कापली आणि सदरा, बाही दोन्ही नेऊन नुसत्या बनियनवर असलेल्या केवळरामच्या हातात दिली. कपिलीनं पुन्हा खाल्ला म्हणून सांगितलं.

तो बाहीचा काठ बोटांनी चाचपत राहिला.

"शामकला, गाईले वरचे समोरचे दात नसतेत. तिनं चावलं तर कपड्याचा चोथा होते. हे तर विळ्यानं कापलं हाये."

तिनं मान खाली घातली. कानशिलं तापली होती.

"कायले कापलं?"

"तुमी... तुमी जाऊन राहिले म्हणून," ती म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मले तुमी आवडता. हासाचं असन तर हासा."

तो हसला नाही. बाहीची घडी करून त्यानं ती पायजम्याच्या खिशात ठेवली.

"मी सकाळीच सांगाचं म्हणत होतो... धीर नाई झाला," तो हळूच म्हणाला. "जत्रा झाली की मामाले घेऊन येतो, तुझ्या बाबाले विचाराले. पण सदरे माझ्याजवळ दोनच होते. आता काय घालून येऊ?"

शामकलानं त्याच्या हातातला सदरा घेतला, खिशातली बाही ओढून काढली आणि सुईदोरा शोधायला घरात पळाली.