खोलीचं मिनिट

आमची कॅसेट निघाली. एकोणीसशे नव्व्याण्णव साल, तीनशे प्रती, चार गाणी, आणि चौथ्या गाण्यात गायिकेचा आवाज नाही. हे तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालंच नाही. सकाळचे दहा वाजलेत, हुबळीत विद्यानगरात मुकुंदरावांच्या घरामागच्या खोलीबाहेर आम्ही तिघं चपला काढतोय आणि सगळं सुरळीत आहे, असं धरून चालू.

तिघं म्हणजे गिटारवर मी, माझं नाव सुमंत. वेंकटेश कीबोर्डवर. गाणारी शीतल. ड्रमर म्हणजे वेंकटेशच्या कीबोर्डवरचं सोळा नंबरचं बटण. त्यानं कधी रजा घेतली नाही, कधी चहा मागितला नाही, त्यामुळे बँडमधला सगळ्यांत गुणी माणूस तोच. बँडचं नाव ‘उद्या सुट्टी’. ते मी सुचवलं होतं. दुसरं सुचेपर्यंत वेंकटेशनं ते कीबोर्डच्या पेटीवर ऑइल पेंटनं लिहून टाकलं होतं.

मुकुंदराव पूर्वी एका नाटक कंपनीत ध्वनी सांभाळायचे. कंपनी बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी मुकुट आणि तलवारी नेल्या, मुकुंदरावांनी टेप नेली. आता ते कीर्तनं आणि रिक्षातून फिरवायच्या साड्यांच्या जाहिराती रेकॉर्ड करत. खोलीच्या भिंतींना आतून काथ्या आणि जुन्या गाद्यांचा कापूस ठोकलेला. यंत्र बाहेरच्या बोळात. मधे भंगारातल्या बसची मागची काच, तिच्यावर ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ असं कन्नडात अजून शाबूत. अक्षरं खोलीतून सरळ दिसायची आणि बोळातून उलटी; म्हणजे संकट कुठल्या बाजूला असणार हे बसवाल्यांनी आधीच ठरवून दिलं होतं. दुपारी दोनला शेजारची पिठाची गिरणी सुरू व्हायची, म्हणून काम दहा ते दोन. रोज एक गाणं.

आता शीतलचं सांगतो, कारण खरं पणाला तिचंच लागलं होतं. धारवाडात गाणं बसून गातात. उभ्यानं गायचं ते फक्त राष्ट्रगीत, आणि तेही संपलं की लोक लगेच बसतात. शीतल आठ वर्षं धारवाडला अंबूताईंकडे शिकत होती. तिनं आमच्याबद्दल सांगितलं तेव्हा अंबूताईंनी तंबोऱ्यावरचा हात न काढता विचारलं, “उभ्यानं गाणार?”

“हो ताई.”

“मग राहा उभी. इथं नको.”

आठ वर्षं देऊन तिच्या हातात चार गाणी उरली. पैकी चौथं तिचं स्वतःचं, शब्दही तिचे आणि चालही. ‘मला बसायला सांगू नका’. ते तिच्या आवाजात कॅसेटवर यायलाच हवं होतं. बाकीची तीन आली नसती तरी चाललं असतं, पण हे मी त्या वेळी कबूल केलं नव्हतं. त्यातली दोन माझी होती.

पहिल्या दिवशी वाद्यं लावून झाली तशी मुकुंदरावांनी आम्हाला वाद्यांसकट बाहेर काढलं.

“काय झालं काका?” वेंकटेश म्हणाला.

“खोलीचं मिनिट घ्यायचं. माणसागणिक आवाज वेगळा, तशी खोलीगणिक शांतता वेगळी. पुढं गाण्यात कुठं जोड द्यायचा झाला तर हिचीच शांतता लावायची. दुसरीकडची लावली तर कानाला टोचते.”

मग दार ओढताना ते उंबऱ्यावरून रिकाम्या खोलीला म्हणाले, “होगि बर्तेनि.” जाऊन येतो. घरी ते अस्सल मराठी बोलायचे.

“खोली कन्नड आहे काय काका?” शीतलनं विचारलं.

“विटा कलघटगीच्या आहेत. त्यांना मराठी कधी शिकवणार?”

दार बंद झालं, टेप फिरू लागली. मी हेडफोन घातला. मला हेडफोन घालून बसायला आवडायचं, माणूस कामाचा दिसतो. आधी नुसती शांतता होती, कापसासारखी. चाळिसाव्या सेकंदाला गिटार ऐकू आली.

माझीच. तिसरी तार किंचित उतरलेली असते, ती. गिटार माझ्या खांद्याला होती आणि माझे दोन्ही हात खिशात होते. वाजत होतं आमचं पहिलं गाणं, दुसरा अंतरा, आणि त्यात एका जागी बोट घसरून तार करकरली.

आधीच्या कुठल्या कीर्तनाचं टेपवर उरलं असेल, असं मी ठरवलं. कीर्तनात गिटार नसते ही गोष्ट थोडा वेळ बाजूला ठेवली. मग आत जाऊन आम्ही गाणं वाजवलं. दुसऱ्या अंतऱ्यात माझं बोट घसरलं, तार करकरली. तीच जागा.

दुसऱ्या दिवशी मिनिट चालू असताना मी हेडफोन वेंकटेशच्या डोक्यावर ठेवला. तो ऐकत राहिला, आणि त्याच्या मिशीवर घाम आला.

“सोळा नंबर वाजतंय,” तो म्हणाला. “पेटी माझ्या मांडीवर आहे रे.”

“आणखी?”

“कुकरची शिट्टी. मधेच. गाण्याचा सत्यानाश.”

वेंकटेश व्यवहारी माणूस. तारिहाळच्या कारखान्यात तो तयार माल तपासून नापास करायचा, त्याचा सगळा विश्वास बंदोबस्तावर. तो तडक शेजारच्या काकूंकडे गेला आणि तासभर कुकर लावू नका म्हणून हात जोडून आला. काकू म्हणाल्या, आज चतुर्थी, उपास आहे, कुकरचं नावच नको. काय वाजवताय ते ऐकायला त्या अंगणात येऊन उभ्याच राहिल्या. गाणं मधोमध आलं आणि शिट्टी झाली. काकूंनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या स्वयंपाकघराकडे, आणि मग त्या पुन्हा आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

तेव्हा शीतलला सांगावं लागलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे खोलीला आपलं गाणं आपल्याआधी पाठ होतंय?”

“तसंच काहीतरी.”

“होऊ दे की. ऐकून ठेवू दे. गाणार आपणच ना?”

“अक्का, मला भीती वाटते,” वेंकटेश म्हणाला. शीतल त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होती. घाबरला की तो सगळ्यांना अक्का म्हणायचा.

“अंबूताईंसमोर आठ वर्षं बसले मी. कापसाच्या भिंतीला भिऊ?”

तिसरं गाणं बिनचूक झालं. मिनिटातही बिनचूक होतं. असल्या गोष्टींची माणसाला इतकी पटकन सवय होते की त्या दिवशी मी मिनिट ऐकून आधी खूश झालो आणि गाणं वाजवताना थोडा कंटाळलो.

चौथ्या दिवशी अंबूताई आल्या. धारवाडहून बसनं, छत्री घेऊन. बोळात मुकुंदरावांच्या लाकडी खुर्चीवर बसल्या. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तीन झाली म्हणे.”

“हो ताई,” शीतल म्हणाली.

“पुरे झाली. गुरुवारी क्लासला ये. मी काही विचारणार नाही, तू काही सांगू नकोस.”

अंबूताईंनी आयुष्यात घेतलेली ही पहिली माघार असावी. वेंकटेशनं तर नकळत हात जोडले.

“चौथं राहिलंय, ताई.”

“राहू दे. एखादी गोष्ट राहिलेली बरी असते.”

“ते माझं आहे.”

“आवाजही तुझाच आहे,” अंबूताई म्हणाल्या. “तो आधी बघ.”

पण त्या उठल्या नाहीत. छत्री मांडीवर आडवी घेऊन बसून राहिल्या.

शीतलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मिनिटासाठी आम्ही बाहेर आलो, ती सगळ्यांत शेवटी आली. मुकुंदराव उंबऱ्यावर तोंड उघडणार तोच ती मागं वळली आणि अंबूताईंना नीट ऐकू जाईल अशा आवाजात खोलीला म्हणाली, “होगतेनि!”

नुसतं जाते. आमच्याकडे दूधवाल्यालासुद्धा जातो म्हणू देत नाहीत. येतो म्हणायचं आणि जायचं. भांडून कायमचा निघालेला जावईही फाटकातून येतो म्हणूनच बाहेर पडतो.

मुकुंदरावांचा हात कडीवर राहिला. “असं म्हणू नये बाळ. परत आत जा, नीट सांगून ये.”

“का? खोलीला वाईट वाटेल?”

 मुकुंदरावांनी दार लावलं आणि टेप सुरू केली.

मी हेडफोन घातला. माझी गिटार होती. वेंकटेशचा कीबोर्ड होता, सोळा नंबर होता. शीतलच्या ओळी जिथं यायच्या तिथं जागा मोकळ्या होत्या, नेमक्या तिच्या मापाच्या.

मी तिला सांगितलं. मुकुंदराव म्हणाले, “आज नको.”

“आजच,” शीतल म्हणाली.

आत जाऊन ती उभी राहिली आणि गायली. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. इतकं चांगलं ती आधी कधी गायली नव्हती. बाहेर येऊन टेप ऐकली. गिटार, कीबोर्ड, आणि मोकळ्या जागा.

मुकुंदरावांनी माइक बदलला, वायर बदलली. त्याच माइकवर वेंकटेश बोलून पाहिला, त्याचा आवाज आला. शीतल बोलली. यंत्रावरचा आवाजाचा काटा हलला नाही.

पुन्हा गायली. पुन्हा.

अकरा वेळा.

बाराव्या वेळी ती म्हणाली, “टेप लावू नका. तुम्हीही येऊ नका. मी नुसती गाते. मला गायला यंत्र लागत नाही.”

ती आत गेली. दार लावलं. काचेतून आम्हाला तिची पाठ दिसत होती, तिच्यावर ती उलटी अक्षरं. गाणं दारातून स्पष्ट ऐकू येत होतं. मला बसायला सांगू नका. अंबूताईंनी डोळे मिटले. बोटं छत्रीच्या दांड्यावर ताल धरू लागली.

पहिला अंतरा झाला. दुसरा झाला. शेवटची ओळ आली, ‘पाय माझे, फरशी माझी, इथेच आहे मी’. तीही झाली.

दार उघडून शीतल बाहेर आली. तांब्या उचलला, पाणी प्यायली.

आत गाणं चालू होतं.

मी काचेतून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. माइकचा स्टँड, चटई. आवाज दुसऱ्या अंतऱ्यात होता.

शीतल तांब्या हातात धरून ऐकत होती, आपलंच गाणं लग्नात लाऊडस्पीकरवर लागल्यासारखी. वेंकटेश अक्का अक्का म्हणत होता.

आतला आवाज शेवटच्या ओळीला आला. पाय माझे, फरशी माझी, इथेच आहे… आणि थांबला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

तसं तीनदा झालं.

“शेवटच्या ओळीत श्वास कमी पडतोय,” अंबूताई डोळे न उघडता म्हणाल्या.

“हो ताई,” असं उत्तर आलं.

शीतल तेव्हा पाणी पीत होती.

मुकुंदराव म्हणाले, चौथं गाळा. शीतल म्हणाली, गाळायचं नाही. मोकळ्या जागांसकट छापायचं, आणि खाली ‘गायिका: शीतल’ लिहायचं, इतरांपेक्षा मोठ्या अक्षरांत. तसंच केलं. दुकानदारांनी कॅसेटी सदोष म्हणून परत पाठवल्या. आम्ही ‘दोष नाही’ अशी चिठ्ठी लावून त्याच पुन्हा पाठवल्या. काही कॅसेटी तीन फेऱ्या करून आल्या. शीतल परत क्लासला गेली नाही, अंबूताईंनीही पुन्हा बोलावलं नाही. पण वर्षातून दोनदा त्या विद्यानगरात येऊन त्या बोळात खुर्चीवर बसून जात, हे मला मुकुंदरावांनी सांगितलं.

शीतल आता कलघटगीला शाळेत शिकवते. समोरासमोर आवाज खणखणीत आहे, शेवटच्या बाकापर्यंत जातो. तिच्या लग्नाच्या व्हिडिओत ती उखाणा घेते तिथं ओठ हलतात, मग सगळे हसतात, आणि मधे काही नाही.

या वर्षी, म्हणजे दोन हजार आठ साली, रस्ता रुंद करायला मुकुंदरावांचं घर जातंय. ते मुलीकडे बेळगावला गेले. खोलीला कुलूप आहे. मी गेल्या महिन्यात दाराला कान लावून आलो आणि शीतलला सांगितलं. ती म्हणाली, “अर्ज कर.”

“ते नाही म्हणतील गं.”

“म्हणू देत. पण लेखी म्हणू देत.”

म्हणून कन्नडात एक अर्ज रीतसर दिला आहे. त्याची ही मराठी प्रत.

मा. रस्ता रुंदीकरण अधिकारी यांस,

महोदय, आपल्या पंचनाम्यात सदर घरामागील खोलीसंदर्भात ‘आत राहणाऱ्या व्यक्ती’ या रकान्यात ‘निरंक’ अशी नोंद आहे. सदर रकाना पाहून भरलेला आहे, ऐकून भरलेला नाही. सबब विनंती की, पाडकाम हाती घेण्यापूर्वी आपण समक्ष दाराशी येऊन ऐकावे, नोंद दुरुस्त करून ‘एक’ अशी करावी, आणि आतील गायिकेस तिच्या गाण्यातील शेवटचा शब्द म्हणून होईपर्यंत मुदत द्यावी. शब्द एका अक्षराचा आहे. गेल्या महिन्यात तिने त्यासाठी श्वास घेतलेला मी ऐकला आहे.

कळावे.