पट्टी हिरवी, दादा आजारी

दादाच्या मनगटावरची पट्टी हिरवीगार होती. तरी महिनाभर तो अंथरुणातून उठला नव्हता. हे कसं?

चंद्रावरच्या वसाहतीत प्रत्येकाच्या मनगटाला पट्टी असते. ती ताप, नाडी आणि रक्तातला प्राणवायू मोजते. लाल झाली तर सुट्टी, हिरवी असेल तर कामाला लागायचं. प्राणवायू मिळतो काचेच्या टाक्यांतल्या शेवाळापासून. टाक्या रोज पुसल्या नाहीत तर आत उजेड जात नाही, आणि मग सगळ्यांचाच श्वास अडतो.

निनाददादाच्या वाटणीच्या टाक्या सध्या त्याची धाकटी बहीण ऋजुता पुसत होती, स्वतःच्या पुसून झाल्यावर. आणि आई दादाच्या उशाशी. त्याला मऊ भात, त्याच्या कपाळावर हात, त्याच्याशी बोलताना हळू आवाज. ऋजुता नुसती जळत होती.

"माझी पट्टी लाल झाली होती तेव्हा आई औषध तोंडात कोंबून कामाला गेली," ती भोपळ्याला म्हणाली. भोपळ्या म्हणजे घरातला गोल, नारिंगी यंत्रमानव. "याची हिरवी आहे, आणि हा राजा."

"नाटकं आहेत," शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या. "हिरव्या पट्टीचा आजार आमच्या वेळी नव्हता बाई."

बाबा विचारणाऱ्यांना सांगायचे, पोराची पाठ धरलीय. साफ खोटं. पाठीचं दुखणं सांगायला माणसं लाजत नाहीत, मनाचं सांगायला लाजतात. मोठी झालेली माणसंसुद्धा इतका अडाणीपणा करतात.

शेवटी ऋजुताने ठरवलं, आपणही पडून राहायचं. तिने दादाशेजारी अंथरूण टाकलं. तो कुशीवर वळला की वळायचं, तो जेवला नाही की आपणही जेवायचं नाही.

"हा प्रयोग आहे का?" भोपळ्याने विचारलं.

"हा संप आहे. जा तिकडे."

संप दुपारपर्यंत टिकला. मग बाहेर, वसाहतीच्या बंद चौकात, लगोरीचा गलका सुरू झाला. चंद्र वस्तूंना फार हळू खाली ओढतो, म्हणून फुटलेली लगोरी उंच उडते आणि रमतगमत खाली येते. ऋजुताचे पाय पांघरुणातच नाचायला लागले. दादा तर संघाचा कप्तान. पण त्याने मानही वळवली नाही.

"आता कप्तान मी होणार," तिने त्याला डिवचलं. "तुझी जागा घेणार."

"घे."

"तुला राग नाही येत?"

"नाही गं." त्याने पांघरूण वर ओढलं. "रोज ठरवतो, आज उठायचं. उठवतच नाही. मी नसतोच तर तुम्हाला एवढा त्रास झाला नसता. आईला सांगू नकोस."

ऋजुता उठली आणि तडक आईकडे जाऊन सगळं सांगून आली. मुलांनो, असलं वाक्य कानावर पडलं की ते पोटात ठेवायचं नाही. कोणी शपथ घातली तरी नाही.

"उगाच बोभाटा नको," बाबा म्हणाले. "होईल हळूहळू बरा."

"बाबा, तुम्ही पाठ सांगता म्हणून लोक तेलाच्या बाटल्या आणून देतात. दुखतंय दुसरीकडेच."

भोपळ्या पुढे सरकला. "ऋजुता, तुला लगोरी हवी होती. आईही हवी होती. म्हणून तुला दादाचा हेवा वाटला. हेवा वाटायला आधी काहीतरी हवंसं वाटावं लागतं. दादाचं ते हवंसं वाटणंच बंद पडलंय. याला नैराश्य (मन, झोप, भूक आणि ताकद, सगळ्यांवर परिणाम करणारा आजार) म्हणतात. त्यामागे मेंदूतले बदल असतात, ताण असतात, कधी आईवडिलांकडून आलेला कल असतो. हा आळस नव्हे. आणि पट्टी हे मोजतच नाही."

वसाहतीत हाडांचे डॉक्टर होते, दातांचे होते. मनाचे नव्हते, कारण कोणी मागितलेच नव्हते. त्याच दिवशी आईने पृथ्वीवर मिरजेच्या डॉक्टर मुजावर यांना पडद्यावर गाठलं. त्या मनोविकारतज्ज्ञ (मनाच्या आजारांवर औषध देणाऱ्या डॉक्टर). चंद्रावरचा शब्द पृथ्वीवर पोचायला सव्वा सेकंद लागतो, उत्तर यायला तेवढाच. दादा तर त्याहून हळू बोलत होता. डॉक्टर थांबून राहायच्या. त्यांनी त्याला स्पष्टच विचारलं, "मरावंसं वाटतं का?" तो "कधी कधी" म्हणाला आणि रडला. त्यानंतर घरच्यांनी त्याला एकटं सोडलं नाही.

औषध लगेच लागू पडत नाही, काही आठवडे जातात. पहिलं त्याला मानवलं नाही, दुसरं मानवलं. जोडीला मनोचिकित्सा (शिकलेल्या माणसाशी ठरवून केलेलं, उपचाराचं बोलणं) सुरू झाली. बाबांनी वसाहतीच्या सभेत उभं राहून खरं काय ते सांगितलं. पुढच्या यानाने मनाचे डॉक्टर इथेच राहायला येणार आहेत.

परवा डॉक्टरांनी ऋजुतालाही पडद्यासमोर बोलावलं. मग काय, ती सुटलीच. मेंदू दिसतो कसा, गोळी कडू का, भोपळ्याला नैराश्य येईल का.

"ए," दादा मागून म्हणाला, "किती वेळ खातेस? डॉक्टर माझ्या आहेत. सरक."

ऋजुता मुकाट्याने सरकली. भांडायचं तिला सुचलंच नाही, इतकी ती खूश झाली होती.