न गळणारी विजार

दिवा जरा इकडं सरकव, सांगतो.

चौतीस सालचा पौष होता. मी तापीकाठच्या प्रकाशा गावात सरकारी बंगल्यावर शिपाई होतो. जमीनमोजणीचे नवे गोरे साहेब महिनाभर मुक्कामाला आले होते. काम उरकलं की ते तापीत उतरायचे आणि पिसं बांधलेल्या गळानं मासे धरायचे. मासा लागला की जाळी पुढं करायला मी. साहेबांच्या अंगात छातीपर्यंतची रबरी विजार, बुटांसकट एकसंध. मी मात्र धोतर खोचून उघड्या पायांनी. आठ दिवसांत तळव्यांच्या भेगांतून रक्त यायला लागलं. अंथरुणावर पडलं की पाय आपले वाटत नसत.

साहेबांना ते दिसलं. म्हणाले, "कोठीत जुन्या दोन विजारी आहेत. टिकेल ती तू घे."

दोन्ही एकाच मापाच्या, कुबट वासाच्या. कुठली टिकेल ते नुसतं बघून कळेना, म्हणून आवारातल्या चिंचेला टांगून पाण्यानं भरल्या. पहिलीत सहा घागरी गेल्या आणि गुडघ्याच्या शिवणीतून धार लागली. दुसरीत तीनच मावल्या. वरून पाणी सांडलं. खाली थेंब नाही.

आत काही अडकलं असेल म्हणून उतरवून उपडी केली. पाण्याखेरीज काही नव्हतं.

खानसामा डोंगरसिंग पायरीवरून बघत होता. "ती लेऊ नको, चुडामण. ती मागला सायेबनी शे."

"जो बुडना, तो?"

"तो सापडनाच नही. ही सापडनी... पानीमा, उभी."

भ्यायलाही अंगात त्राण लागतं. मी म्हणालो, "मन्हा पायसनं कातडं निंघी ऱ्हायनं, भाऊ. जी टिकी ती मन्ही."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना ती चढवून पाण्यात उतरलो. पाय कोरडे. कितीतरी दिवसांनी भेगांना आराम पडला. उभ्या उभ्या डोळे मिटायला लागले. मग जाणवलं, आत ऊब आहे... कुणी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

साहेब वीस हात वरच्या अंगाला होते. माझं पाऊल पुढं पडलं. मी टाकलं नव्हतं. मग दुसरं पडलं. समोर गोमाई नदीच्या संगमाखालचा काळा डोह. मागं वळायला गेलो तर गुडघे ऐकेनात. पाणी कमरेला आलं, छातीला आलं... शेवाळाचा वास नाकात भरला. मी डोंगरसिंगला हाका मारत होतो, एवढंच आठवतं.

साहेबांचा हात मानगुटीला लागला. त्यांनी चाकूनं खांद्याचे पट्टे कापले आणि मला विजारीतून उपसून काठावर आणलं. ती डोहात गेली.

मी वाळूत कुडकुडत पडलो होतो. साहेब जवळ बसले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"चुडामण, इंग्रजी कुठं शिकलास?"

"येत नाही, साहेब."

त्यांनी माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. "मग पाण्यात माझ्याशी जे बोलत होतास, ते..."

त्यांनी डोहाकडं बघितलं.

त्यानंतर साहेब नदीवर गेले नाहीत. गळ, पिसं, सगळं डोंगरसिंगला देऊन टाकलं. पण मुक्काम हलेपर्यंत रोज संध्याकाळी मी चहा घेऊन गेलो की ते उठून दार लोटायचे, माझ्याजवळ यायचे आणि अगदी हळू विचारायचे,

"तो आणखी काही म्हणाला?"